बावन्न किलोची पाहुणी

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातलं आमचं गोदाम रिकामं झालं तेव्हा मला पहिल्यांदा त्याची फरशी दिसली. इतकी वर्षं मी फक्त तिच्यावरच्या वाटा पाहिल्या होत्या. तांदळाच्या थप्प्यांमधली रुंद वाट, डाळींच्या मागून जाणारी बोळकांडी, आणि मिरचीच्या पोत्यांपाशी नाक दाबून पळत सुटायचं ती. आता नुसतं करडं सिमेंट आणि त्यावर पोत्यांचे चौकोनी डाग. बाबा मधोमध उभे राहून उगाचच घसा खाकरत होते. मग त्यांनी मालकाच्या माणसाच्या हातात किल्ल्या ठेवल्या, "खलास, हबीबी," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे चालायला लागले.

वास मात्र तिथेच होता. हळद, हिंग, सुतळी, तापलेला पत्रा. मी दारात उभी राहून छाती भरून वास घेत होते, तर मालकाचा माणूस विचारतो, "मॅडम, प्रॉब्लेम?" काय सांगणार त्याला! म्हटलं, नो प्रॉब्लेम.

आईबाबा या महिन्यात कायमचे रत्नागिरीकडे परत चाललेत. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरात आता माणसांपेक्षा खोकी जास्त आहेत. आणि नेमका अशातच देविनाचा मेसेज आला. गाडीत बसल्या बसल्या मी आईला फोन लावला.

"आई, देविना येतेय. मॉरिशसची ज्युदोची टीम घेऊन. आता ती कोच आहे म्हणे. रविवारी आपल्याकडे जेवायला येऊ का, विचारतेय."

पलीकडे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज.

"कोण देविना?" आई म्हणाली. कोण देविना ते तिला पक्कं माहीत होतं.

"आई!"

"बरं बरं. पण तिला बाहेरच घेऊन जा ना कुठेतरी. हॉटेलात. माझी भांडी सगळी बांधून झालीयेत."

पाहुण्याला हॉटेलात ने, असं माझी आई म्हणाली. माझी आई! भांड्यांचा काही संबंध नव्हता. त्या मुलीची स्पर्धा आपण बुडवली, आपल्या हाताने, वाढायच्या डावाने बुडवली, असं ती गेली पंधराएक वर्षं धरून बसली आहे. देविना समोर येऊन बसली, तर तिला वाढायचं कसं, याची आईला धास्ती होती. शेवटी मीच देविनाला कळवून टाकलं, की ये, घरीच ये.

मी लहान होते तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. आता इथेही शनिवार-रविवार झाली, पण माझ्या डोक्यात सुट्टी म्हटली की अजून शुक्रवारच उगवतो. त्या दिवशी सकाळी आईला स्वयंपाकघर मोकळं हवं असायचं, म्हणून बाबा मला गोदामात घेऊन जायचे. रस्त्याच्या कडेला कंपन्यांच्या बसगाड्या झोपलेल्या असत. कामगारांच्या कॅम्पांच्या गॅलऱ्यांमध्ये निळे कपडे ओळीने वाळत घातलेले असत. बाबांनी शटर वर ढकललं, की असा खडखडाट व्हायचा, की समोरच्या वर्कशॉपवरची सगळी कबुतरं उडायची आणि एक चक्कर मारून पुन्हा तिथेच बसायची.

मी बासमतीच्या थप्पीवर चढायचे आणि पोटावर पडून गोष्टीची पुस्तकं वाचायचे. दुपारपर्यंत पोतं माझ्या अंगाच्या मापाचं होऊन जायचं. खिशात तांदूळ, मोज्यांत तांदूळ, वेणीत तांदूळ. बाहेर कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत ट्रक मागे घ्यायचं. जवळच्या मशिदीतून अजान यायची. आत बाबांच्या रेडिओवर मल्याळम गाणी लागलेली असत, कारण तेवढंच एक स्टेशन धड लागायचं. आम्हा दोघांनाही त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण बाबा मान डोलवायचे.

निघताना आमचा एक विधी असायचा. दाराशी लोखंडी फळीचा जुना काटा होता, वर दांडी आणि दांडीवर सरकवायची वजनं. बाबा मला त्याच्यावर उभं करायचे, एक डोळा मिटून दांडीकडे बघायचे आणि जाहीर करायचे, "वाढली!" घरी पोचल्या पोचल्या ही बातमी आईला. आईचे हात पिठाने भरलेले असायचे. ती कोपराने माझे केस मागे सारायची आणि म्हणायची, "वाढणारच. माझ्या हातचं खाते ती."

जेवायला कुणी ना कुणी असायचंच. मुसफ्फाच्या कॅम्पांत राहणारी, नाहीतर पार दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या फॅक्टऱ्यांत नोकरीला लागलेली एकटी मराठी पोरं. कुणाची आई सांगलीला, कुणाची जळगावला. ती आधी लाजत बसायची आणि मग भाताचा डोंगर करायची. आईचं वाढणं म्हणजे नुसतं वाढणं नव्हतंच, ती चढाई होती. "अरे घे रे, एवढ्याने काय होतंय!" "ही तर रिकामी जागा दिसतेय मला." "तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?" पोरं "नको, नको काकू" म्हणत ताटावर हात आडवा धरायची. आई हाताच्या कडेकडेने तूप सोडायची. हात काढावाच लागायचा.

"मॉम, ही सेड नो," मी म्हणायचे. मी शाळेतून शिकून आलेलं सगळं इंग्रजीत बोलायचे.

"पहिलं नको म्हणजे नको नसतं गं बाई."

"देन व्हॉट इज इट?"

"ते वळण असतं. दुसरं नको म्हणजे लाज. तिसऱ्या नकोला माणूस खरं बोलायला लागतो, तेव्हा मी थांबते." खरं तर तिसऱ्यालाही थांबायची नाही. मला भयंकर लाज वाटायची. माझ्या मैत्रिणींच्या आया कशा, टेबलावर सगळं मांडून "हेल्प युअरसेल्फ" म्हणून मोकळ्या व्हायच्या. आमच्याकडे आपलं प्रत्येक घासाला युद्ध.

मी नववीत होते तेव्हा अबू धाबीत ज्युदोची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. मराठी मंडळातले एक काका तिथे व्हॉलंटियर म्हणून खेळाडूंची ने-आण करत होते. ज्युदोच्या जाड पांढऱ्या कपड्यावर, पाठीवर, खेळाडूचं आडनाव शिवलेलं असतं. काकांनी एका मुलीच्या पाठीवर वाचलं, 'सखाराम'. त्यांनी लगेच आईला फोन केला. "वहिनी, मॉरिशसची टीम आहे. चारपाच जणंच आहेत बिचारी. त्यात एक सखाराम आहे!"

"सखाराम? अहो, माझ्या आजोबांचं नाव सखाराम!" झालं. एवढं नातं आईला पुरेसं होतं. "घेऊन या जेवायला. शुक्रवारीच घेऊन या."

अशी देविना आमच्या घरी आली. विशीची असेल. माझ्यापेक्षा बुटकी, मान भक्कम, बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, कानांच्या पाळ्या पैलवानांसारख्या घट्ट सुजलेल्या आणि पाठीवर तेल लावून घातलेली लांबलचक वेणी. तिच्याबरोबर तिचे कोच होते, पांढऱ्या मिशांचे, हसरे, गोल पोटाचे गृहस्थ. देविना कोचशी क्रिओल बोलायची, आमच्याशी इंग्रजी. तिने सांगितलं, की तिचे कुणी खापर-खापरपणजोबा बोटीत बसून उसाच्या मळ्यावर गेले होते. त्यांचं नुसतं नावच सांगितलं गेलं, सखाराम, आणि तेच पुढे सगळ्यांचं आडनाव होऊन बसलं. गाव कुठलं, ते कुणालाच ठाऊक नाही. घरात गणपती बसतो, मोदक होतात, आजी आरती म्हणते. आरती देविनालाही सगळी पाठ होती. अर्थ एका शब्दाचा माहीत नव्हता.

कोचनी बसायच्या आधीच आईला समजावलं होतं. देविना बावन्न किलोच्या गटात खेळते. उद्या संध्याकाळी वजन होणार. काटा बावन्नच्या जरासाही वर गेला, तर तिला खेळूच देणार नाहीत, आल्या पावली परत. एवढ्या लांब पाठवायला त्यांच्या बेटावर किती जणांनी खटपट केली होती! त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "शी कॅन ईट. लिटिल. व्हेरी लिटिल."

"हां हां," आई म्हणाली, "लिटिल, लिटिल."

आणि तिच्या हिशोबाने तिने लिटिलच वाढलं. डाळिंब्यांची उसळ, अळूवडी, आमटी, भात, पापड, लोणचं, आणि उकडीचे मोदक, फोडून वर तूप. देविनाने मोदक पाहिला आणि तिच्या तोंडून "आह!" असा आवाज निघाला, अगदी लहान मुलीचा. ती सावकाश जेवली. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. स्वच्छ ताट दिसल्यावर आईचा हात थांबेल होय? "थोडा और, बेटा. लिटिल." देविनाने हात आडवा धरला. तूप कडेने आलं. तिने हात काढला.

"मॉम, शी हॅज टू बी फिफ्टी-टू," मी म्हटलं.

"अगं, एका मोदकाने काय होतंय! किती वाळलीये पोर."

कोच यात पडले असते, पण ते स्वतःच सातव्या मोदकावर होते. नंतर सोफ्यावर बसले आणि बसल्या जागी घोरायला लागले.

मग आईने आमटीभाताचा शेवटचा डाव वाढला. देविना क्षणभर त्याच्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता ही ताट सरकवणार. माझ्या मैत्रिणींनी सरकवलं असतं. तिने मात्र एक मोठा श्वास घेतला आणि भात कालवायला घेतला.

"यू कॅन लीव्ह इट," मी तिच्या कानात म्हटलं.

तिने मान हलवली. "टाकायचं नाय," ती म्हणाली.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. बाबांनी मान वर केली. देविना गोंधळली, तिला वाटलं काही चुकलं. मग तिने इंग्रजीत सांगितलं, की तिला एवढंच एक वाक्य येतं. आजी म्हणते, आजीची आजी म्हणायची. ताटाशी बसलं की म्हणायचं. टाकायचं नाय.

बोटीतून गेलेल्या माणसांच्या गावाचं नाव गेलं होतं, भाषा गेली होती, आणि एवढं शिल्लक होतं. आईचे डोळे भरून आले. आणि डोळे भरून आल्यावर आईला एकच गोष्ट करता यायची, ती तिने केली. तिने आणखी एक मोदक वाढला. देविनाने तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोचचा फोन. हॉटेलच्या काट्यावर देविना सव्वा किलोने जास्त भरली होती. हॉटेलची घाम काढायची गरम खोली मोठमोठ्या देशांच्या खेळाडूंनी सकाळपासून अडवलेली. बाबांनी स्पीकरवर ऐकलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या गोदामात आणा. सप्टेंबरात आमच्या पत्र्याखाली कसली खोली न् कसलं काय."

आई पांढरीफटक पडली होती. "मी केलं हे," एवढंच म्हणाली. नेसत्या साडीनिशी गाडीत येऊन बसली.

ती शनिवारची दुपार मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. शटर अर्धं ओढलेलं, पंखे बंद. देविनाने दोन ट्रॅकसूट, वर प्लास्टिकचा सूट, वर टोपी असं सगळं चढवलं होतं आणि ती थप्प्यांमधल्या वाटांवरून पळत होती. तिच्या बुटांचा आवाज तांदळाकडून डाळींकडे जायचा, मिरचीपाशी शिंक ऐकू यायची, मग तो परत यायचा. मीही तिच्याबरोबर पळाले थोडा वेळ. मग धापा टाकत काट्यापाशी येऊन बसले. कोच टाळ्या वाजवून काहीतरी म्हणत होते. मधूनच ती थांबायची, सगळं उतरवून, अंग पुसून काट्यावर चढायची, आणि पुरुषमंडळी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. दांडी मी बघायचे. दांडी खाली यायचं नावच घेत नव्हती.

"आयुष्यभर गिऱ्हाइकाला झुकतं माप दिलं," बाबा भिंतीकडे बघत पुटपुटले, "आणि आज काटा झुकतोय तर जीव जातोय."

आई एका खोक्यावर बसून होती. तिने सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, "ती प्यायली का?"

"शी कान्ट, आई. दॅट्स द होल पॉइंट."

"मग मलाही नको."

हे तिचं पहिलंच नको होतं आणि ते अगदी खरं होतं.

थुंकूनही वजन उतरतं, हे मला त्या दिवशी कळलं. देविना च्युइंगगम चघळून बाटलीत थुंकायची. पण तोंडाला इतकी कोरड पडली, की थुंकीही येईना. कोचनी मान हलवली. तशी आई उठली. मागच्या बाजूला आमसुलांची पोती होती. तिने मूठभर आमसुलं आणली आणि एक देविनाच्या तोंडात घातलं. "चोखायचं. गिळायचं नाही. नो ईट. ओन्ली... थू!" देविनाचे डोळे बारीक झाले, सगळा चेहरा आंबटाने गोळा झाला आणि तोंडाला असं काही पाणी सुटलं, की ती हसत हसत थुंकायला लागली. आई समोर बसून स्वतः थुंकल्याचा अभिनय करून दाखवत होती. "थू! अस्सं! आणखी थू!" अबू धाबीत इतक्या प्रेमाने कुणी कुणाला थुंकायला लावलं नसेल. आम्ही सगळेच हसत सुटलो, हसताना मिरची घशात गेली, आणि मग सगळेच खोकत सुटलो.

संध्याकाळी स्पर्धेच्या ठिकाणी, बंद दाराच्या आत, तिचं वजन झालं. आई बाहेर भिंतीला टेकून ओठ हलवत उभी होती. देविना दार उघडून बाहेर आली तेव्हा गालफडं बसली होती, ओठ फुटले होते, पण दोन्ही अंगठे वर होते. बसली! बावन्नात बसली! आई मटकन खालीच बसली.

वजन झालं की खेळाडूंना खायला मोकळीक असते. तिथून दुसऱ्या दिवसापर्यंत अंगात ताकद भरायची असते. आईने येताना घरून पेज आणली होती, मीठ घातलेली, चमचाभर तूप सोडलेली, मऊ. देविनाने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि घटाघट प्यायली. आईने विचारलं, "हवी? मोअर?" देविनाने आणखी एक घेतली. तीही संपली.

"मोअर?"

"नो, नो. पुरे," देविना म्हणाली. पुरे हा शब्द तिने आदल्या दिवशीच आमच्याकडून उचलला होता.

आणि आईने डब्याला झाकण लावलं.

देविना वाटी हातात धरून तशीच बसून राहिली. डब्याकडे बघत, मग आईकडे बघत. मला वाटलं दमली असेल. डब्यात अजून निम्मी पेज होती.

रविवारी शाळा असायची, ती मी बुडवली. मंडळाचे लोक आले होते, काकांनी मॉरिशसचा चार पट्ट्यांचा झेंडा पैदा केला होता. समोरची मुलगी मोठ्या देशाची, लांब हातांची. देविना तिच्या बाहीला जी चिकटली ती चिकटली. कितीतरी वेळ ती मुलगी तिला हलवू शकली नाही. आम्ही ओरडून ओरडून घसे बसवले. मग एकदम देविनाचा पाय घसरल्यासारखा झाला, ती हवेत फिरली आणि पाठीवर पडली. ज्युदोत पाठ नीट टेकली, की खलास. ती उठली, कपडे सारखे केले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. पहिल्याच फेरीत.

"पायांत जोर नव्हता पोरीच्या," आई म्हणाली. 

तेव्हापासून आमच्या घरात आग्रह बंद झाला. कुणी ठरवून नाही, सांगून नाही. पुढच्या शुक्रवारी पोरं जेवायला आली, एकाने "नको काकू" म्हणत हात आडवा धरला, आणि आई "बरं" म्हणून पुढे गेली. त्या बिचाऱ्याचा हात ताटावर तसाच. त्याला कळेना काय झालं. हळूहळू पोरं कमी झाली. कुणाची लग्नं झाली, कुणी परत गेलं, कुणी शारजाला. आई चांगलंच करायची, पोटभरच करायची. पण एकदा विचारायची, "वाढू?" नको म्हटलं की भांडं खाली. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न करून दुबईला गेले. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझी आई किती सिव्हिलाइज्ड आहे गं, आमच्याकडे नुसती जबरदस्ती. मी हसते. खरं सांगते, मला इतकी वर्षं त्या जबरदस्तीची भूक आहे. ऑफिसातून थकून आईकडे जाते, वळणाने पहिलं नको म्हणते, आणि माझी आई ते खरं मानते. अर्धपोटी उठून मी गाडी चालवत दुबईला परत जाते, आणि वाटेत पेट्रोल पंपावर सँडविच घेऊन खाते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कसं सांगणार?

तर या रविवारी देविना आली. अंगाने भरलेली, केस बारीक कापलेले, गळ्यात टीमचं ओळखपत्र. आईला पाहून तिने आधी मिठी मारली आणि मग वाकून नमस्कार केला. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिच्याकडे नीट बघितलं नाही. खोक्यांच्या मधल्या जागेत आम्ही बसलो. बांधलेल्या भांड्यांतून चार ताटं आणि डाव तेवढा बाहेर काढला होता. आमटी, भात, बटाट्याची भाजी. आईने प्रत्येकाला एकेकदा वाढलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. देविना जेवली. मी जेवले. बाबा भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत जेवले.

"वाढू?" आईने विचारलं.

"नको," देविना म्हणाली.

आईने डाव खाली ठेवला.

देविना माझ्याकडे वळली. म्हणाली, मी बोलते ते आंटीला नीट सांग, एकही शब्द गाळू नकोस. आणि मी सांगत गेले, एक वाक्य तिचं इंग्रजी, एक वाक्य माझं मराठी.

ती म्हणाली, "त्या मुलीशी मी भरल्या पोटीही हरलेच असते. त्या दिवशी तिने सगळ्यांनाच पाडलं. सुवर्णपदक घेऊन गेली ती."

आईने पदर तोंडाला लावला.

ती म्हणाली, "मी दहा वर्षांची असल्यापासून खेळते. कोच म्हणायचे, खाऊ नकोस. डॉक्टर म्हणायचे, खाऊ नकोस. दिवाळीला माझी स्वतःची आई माझ्यापुढून ताट उचलायची, बेटा, वजन. अख्ख्या बेटाने मला प्रेमानेच उपाशी ठेवलं. मला खा म्हणून भांडलेली बाई आयुष्यात एकच भेटली. ती तुम्ही."

बाबांनी जेवण थांबवलं होतं.

"आणि त्या पेजेच्या वेळी," देविना म्हणाली, "मी पुरे म्हटलं आणि तुम्ही झाकण लावलंत. मला वाटलं, मी एवढा त्रास दिला, माझ्यामुळे सगळ्यांना गोदामात बसावं लागलं, म्हणून आंटी रागावली. हरल्याचं मला काही वाटलं नाही. त्या झाकणासाठी मी बसमध्ये रडले."

हेही मी शब्द न गाळता मराठीत सांगितलं. आई ऐकत होती. मग तिचा चेहरा असा काही बदलला, की मला वाटलं आता ही रडणार. पण ती चिडली होती. चांगलीच चिडली होती.

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं मेले?" ती शुद्ध मराठीत देविनावर कडाडली. "एक फोन करता येत नव्हता? एवढी वर्षं! एवढी वर्षं मी घरात सगळ्यांना एकदा विचारून गप्प बसतेय. माझी ही पोर," तिने डाव उचलून माझ्यावर रोखला, "ही दर वेळी अर्धपोटी उठून जाते, मला काय दिसत नाही? आतडं तुटतं माझं. पण हात उचलत नव्हता."

देविनाने माझ्याकडे पाहिलं. मला भाषांतर करता आलं नाही.

आई उठली. आधी माझ्याकडे आली. भात वाढला. मी काही म्हणायच्या आत पुन्हा वाढला. आमटी ओतली, ती भाताच्या कडेने वाहत भाजीत गेली. माझं ताट दिसेनासं झालं. मी खात होते आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते.

"रडत जेवू नये," आई म्हणाली, "अंगी लागत नाही." आणि आणखी एक डाव वाढला.